जेवल्यावरची गोळी

डॉक्टर खंडाईत मला आत बोलवायला आले नाहीत. ते येऊन माझ्याच बाकावर बसले. इतक्या वर्षांत त्या बाकावर डॉक्टर बसलेला मी पाहिला नव्हता. तो बाक नातेवाइकांचा. त्यावर आमच्यासारखे लोक डबा उघडतात, गमछा तोंडावर घेऊन झोप काढतात. ते बसले तेव्हाच मला कळलं. पुढे ते बोलले त्यात नवीन काही नव्हतं.

"लांजेवार, मावशी गेल्या," ते म्हणाले. "आत्ताच. आम्ही होतं ते सगळं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

मी म्हटलं, "बरं."



बाहेर रस्त्यावर देवीच्या मंडळाचा भोंगा सुरू होता. नवमीचा दिवस होता. समोर वॉर्डाचं दार उघडं होतं आणि दारातून बेसिन दिसत होतं. तिथे उईके सिस्टर हात धूत होत्या. साबण लावायच्या, धुवायच्या, पुन्हा साबण घ्यायच्या. त्या बाहेर आल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं. या बाईनं माझ्या बायकोला, पंचफुलाला, इतकी वर्षं सांभाळलं आणि आज चार पावलं चालून येत नाही, असं मनात आलं. मला तेव्हा तेवढंच दिसलं.

डॉक्टरांनी मग मला एक गोष्ट विचारली. मी तिचं उत्तर दिलं. ते काय होतं ते पुढे येईल.

मी पितळेची भांडी घडवणारा माणूस. माझं काम हातोडीचं आणि ऐरणीचं. पंचफुला लग्न होऊन आली तेव्हापासून मिरचीच्या सातऱ्यावर जायची. सातरा म्हणजे मोठा मांडव, तिथे लाल मिरचीचे ढीग असतात आणि बाया ओळीनं बसून देठ खुडतात. तोंडाला पदर बांधून दिवसभर बसायचं. आमच्या भागातल्या निम्म्या बाया तेच काम करत. सगळ्याच खोकत. पंचफुलाचा खोकला राहून गेला, मग दम लागायला लागला, मग अंगणातून घरात येताना तिला चौकटीला धरून उभं राहावं लागे.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर खंडाईतांनी तिला तपासलं. छातीचे फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं. फुफ्फुसं खराब झाली आहेत, ती परत चांगली होणार नाहीत, पण त्यांना सांभाळता येईल, असं त्यांनी सांगितलं. तोंडातून ओढायचा पंप दिला. पंपानं भागेना तेव्हा बारीक पांढरी गोळी सुरू झाली. त्या गोळीनं ती उठून बसली. डॉक्टरांनी ती गोळी दोन-तीनदा हळूहळू कमी करून पाहिली, पण कमी केली की महिनाभरात तिला पुन्हा दवाखान्यात आणावं लागे. मग गोळी कायमची झाली.

गोळीनं श्वास दिला, पण बाकीचं घेतलं. पंचफुलाचा चेहरा सुजून गोल झाला. मानेमागे मांस चढलं. आणि साखरेचा आजार लागला. सातऱ्यावरच्या बाया भेटायला आल्या की म्हणत, "पंचफुलाबाई, तुले तर बाळसं आलं." तीही हसायची आणि म्हणायची, "माहेरी आहो ना मी आता, दवाखान्यात." पण घरातला आरसा तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आमच्या हेमाच्या लग्नात तिनं एकही फोटो काढू दिला नाही. फोटोवाला आला की पाणी आणायच्या निमित्तानं उठून जायची.

साखरेसाठी सुई टोचायची होती, रोज. पंचफुलाचे हात थरथरत, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. उईके सिस्टरांनी मला शिकवलं. त्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर होत्या. ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या, आणि कुणाचंही ऐकून न घेणाऱ्या. त्यांनी एक मोसंबं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, आधी याला टोचा, मग बायकोला. मी टोचलं तर सुई वाकली.

पंचफुला खाटेवरून म्हणाली, "बाई, यायले पितळ द्या जी टोचाले. नरम वस्तूची यायले सवय नाही."

सगळा वॉर्ड हसला. सिस्टरसुद्धा हसल्या. त्या दिवशी मी चार मोसंबी खराब केली. त्यातलं एक सिस्टरांनी सोलून खाल्लं, औषधाचं नाही पाण्याचं टोचलंय, काही होत नाही म्हणाल्या. मग मला जमलं. पुढे पंचफुला म्हणायची की सुई केव्हा गेली ते कळतही नाही.

पंप कसा ओढायचा तेही सिस्टरांनी शिकवलं. तिला दाबणं आणि ओढणं एकदम जमत नव्हतं, तर त्यांनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून त्यात पंप बसवून दिला. बाटलीत दाबायचं आणि तोंडानं बाटलीतून सावकाश ओढायचं. ती बाटली आम्ही कितीतरी वर्षं वापरली.

आणि गोळी कशी घ्यायची तेही त्यांनीच शिकवलं. त्या बाबतीत सिस्टर फार कडक होत्या. त्याला कारण होतं. पंचफुलाच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, त्यालाही हीच गोळी होती. तो सकाळी उठल्या उठल्या काळ्या चहाबरोबर गोळी घ्यायचा. एक दिवस त्याला रक्ताची उलटी झाली. पोटात आतून जखम झाली होती. पंचफुलानं ते डोळ्यांनी पाहिलं. सिस्टरांनीच चादर बदलली आणि बदलता बदलता सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलल्या.

"ही गोळी रिकाम्या पोटी कधीच घ्यायची नाही. चहा-बिस्कीट म्हणजे जेवण नाही. दूध-केळं म्हणजे जेवण नाही. पोटभर पोळी-भाजी, वरण-भात जेवायचं आणि मग गोळी. जेवण नाही तर गोळी नाही. समजलं का, पंचफुलामावशी?"

"समजलं जी," पंचफुला म्हणाली.

"काय समजलं, सांगा."

"जेवण नाही तर गोळी नाही."

सिस्टर सुट्टी देताना प्रत्येक वेळी हे तिच्याकडून म्हणवून घेत, आणि ती शाळेतल्या पोरीसारखी म्हणून दाखवी. घरीही तिनं ते कधी मोडलं नाही. एखाद्या दिवशी कुठे लग्नाला गेलो आणि पंगत उशिरा बसली तर गोळी पदराच्या गाठीत बांधलेली असायची आणि ती वाट पाहत बसायची.

असे दिवस चालले होते. वाईट म्हणावे असे नव्हते.

हेमाला तुमसरला दिलं होतं. जावई चांगला होता. पण हेमाचं मूल पोटात राहत नव्हतं. पहिलं गेलं, दुसरं गेलं. दुसऱ्या वेळी तर मूल पोटात फिरायला लागलं होतं. हेमा माहेरी आली आणि कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पंचफुला तिच्याजवळ बसायची, बोलायला श्वास पुरत नव्हता म्हणून नुसता हात फिरवायची.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा पंचफुला एकटी मातामायच्या ठाण्यावर गेली. ठाणं आमच्या घरापासून फार लांब नाही, पण तिला तिथे जायला अर्धी सकाळ लागली असेल. मी कामावरून आलो तर ती ओट्यावर बसलेली, ओठ निळे पडलेले, आणि चेहरा समाधानाचा. तिनं नवस बोलला होता. हेमाचं पाचव्या महिन्याच्या पुढे गेलं तर येत्या नवरात्रात घट बसवीन, नऊ दिवस अन्न-मीठ तोंडात घालणार नाही, आणि दसऱ्याला ओटी भरीन.

मी चिडलो. तुला साखरेचा आजार, सुई चालू, तू उपास कशी करशील, असं बरंच बोललो. ती ऐकून घेत राहिली.

"बोलून बसली आहो मी," ती शेवटी म्हणाली. "देवीजवळ बोललेलं परत घेता येते का? अन् माह्याजवळ दुसरं काय आहे पोरीले द्याले?"

हेमाला पाचवा महिना संपला, सहावा लागला. घट बसायच्या आधी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. लपवून काही करायचं नाही असं पंचफुलाचंच म्हणणं होतं. उईके सिस्टर त्या दिवशी फार घाईत होत्या. वॉर्डात डेंग्यूचे पेशंट खाली जमिनीवर गाद्या टाकून ठेवले होते. पंचफुलानं उपासाचं सांगितलं तशा त्या थांबल्या आणि रागावल्या. डॉक्टरांना सांगते म्हणाल्या. हे वय आहे का, ही तब्येत आहे का म्हणाल्या. पंचफुलानं त्यांचा हात धरला आणि हेमाचं सगळं सांगितलं. सिस्टरांना स्वतःची मुलगी आहे. 

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. त्या ऐकणार नाहीत, तुम्ही सांभाळा म्हणाल्या. मग सुईचं समजावलं. खाणं कमी तर सुई कमी. रोज सकाळ-संध्याकाळ बोटातलं रक्त घेऊन साखर मोजायची. इतक्याच्या खाली आली तर सुई द्यायचीच नाही. घाम सुटला, हातपाय कापले, बडबड करायला लागली तर लगेच साखरेचं पाणी पाजायचं, उपास असो की काही असो. पंप दोन्ही वेळा. हे सगळं त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून म्हणवूनही घेतलं. तेवढ्यात कुणाचं तरी सलाईन निघालं म्हणून हाक आली आणि त्या गेल्या.

गोळीचं बोलणं निघालंच नाही. विचारायचं काय होतं? त्याचा नियम आम्हाला पाठ होता.

घट बसले. कोपऱ्यात माती पसरून तिनं धान्य पेरलं, दिवा लावला. संध्याकाळी एक फळ आणि वाटीभर दूध, तेवढंच. पांढऱ्या गोळ्यांची पट्टी तिनं देवीच्या मागे कोनाड्यात ठेवली आणि मला म्हणाली, "दसऱ्याले जेवली की सुरू करीन." मला त्यात वावगं वाटलं नाही. मी सुई सांभाळत होतो, ती गोळी सांभाळत होती. दोघंही सांगितल्याप्रमाणे वागत होतो.

आणि तिला बरं वाटायला लागलं. हे मला आज लिहितानाही विचित्र वाटतं, पण तसंच झालं. तिची साखर इतक्या वर्षांत कधी म्हणून दीडशेच्या खाली उतरली नव्हती. ती तिसऱ्या दिवशी उतरली. मी दुसऱ्या बोटाचं रक्त घेऊन पुन्हा मोजली. तेवढीच. पाचव्या दिवशी तर सुई द्यायची गरजच राहिली नाही. मी तिला यंत्रावरचा आकडा दाखवला तेव्हा तिनं देवीकडे पाहून हात जोडले.

तिचा चेहराही उतरला. सूज ओसरल्यासारखी झाली. गालाची हाडं दिसायला लागली, हनुवटी दिसायला लागली. सूज जाऊन आतून माझी लग्नातली बायको निघाली असं म्हटलं तरी चालेल. शेजारच्या बाया आरतीला येत, त्या म्हणत, मातामायनं पंचफुलाचं तोंड परत दिलं. गोळीचं नाव कुणी घेतलं नाही, कारण गोळीचा आणि तोंडाचा संबंध कुणाला ठाऊक होता? मला ठाऊक होता. सिस्टरांनी एकदा सांगितलं होतं की चेहरा गोळीमुळे सुजतो. पण मी असं धरलं की चार दिवस गोळी नाही तर चेहऱ्याला तेवढा आराम. मला ते चांगलंच वाटलं.

सहाव्या दिवशी तिनं आरसा सरळ केला. बराच वेळ पाहत होती. मग मला म्हणाली, "माहा एक फोटो काढा."

मी मोबाइलवर काढला. नीट येईना, माझी बोटं मध्ये यायची. ती म्हणाली, "मोसंबं सोडलं तर तुमाले काहीच धड धरता येत नाही." त्यावर ती हसली आणि त्याच वेळी फोटो निघाला. घटाजवळ बसलेली आहे, हिरवं लुगडं, कपाळाला मळवट. फोटो हेमाला पाठवला. हेमाचा लगेच फोन आला. ती रडत होती, आनंदानं. आई किती छान दिसून राहिली म्हणाली. आणि बाळ पोटात लाथा मारतंय म्हणाली. पंचफुलानं फोन कानाशी दाबून धरला होता.

सातव्या दिवशी तिला उलटी झाली. पोटात कळ येत होती. उठली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी साखर मोजली तर खूप खाली होती. साखरेचं पाणी पाजलं, थोडी हुशारी आली. उपासाचा अशक्तपणा आहे, दोनच दिवस राहिले, असं ती म्हणाली. मी ऐकलं नाही. दुपारून श्वास वाढला, अंग तापलं, तेव्हा शेजारच्या रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. रिक्षात बसताना तिनं शेजारणीला बजावलं की दिवा विझू देऊ नको.

उईके सिस्टरांची त्या दिवशी सुट्टी होती. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता. त्यानं चांगलं पाहिलं, खोटं बोलत नाही. सलाईन लावलं, प्राणवायू लावला, कफाचं इंजेक्शन दिलं. त्यानं तिला विचारलं, "आजी, औषधं वेळेवर घेता का? काही बंद वगैरे केलं नाही ना?"

पंचफुलानं नाकावरचा मास्क जरा बाजूला केला.

"सिस्टरबाईनं सांगतलं तसंच, बरोब्बर," ती म्हणाली.

तिनं ते फार अभिमानानं सांगितलं. डॉक्टरानं मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेला.

रात्रभर तिचं रक्तदाबाचं यंत्र खाली-खालीच दाखवत राहिलं. सलाईन जात होतं आणि फरक पडत नव्हता. सकाळी डॉक्टर खंडाईत आले, उईके सिस्टर आल्या. तोवर पंचफुला बोलत नव्हती, हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटायची. डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते थबकले. इतर सगळ्यांनी त्या चेहऱ्याचं कौतुक केलं होतं. डॉक्टर तो पाहून घाबरले.

"गोळ्या दाखवा," ते म्हणाले.

निघताना कोनाड्यातून पिशवीत टाकल्या होत्या, त्या मी काढून दिल्या. पट्टी भरलेली होती.

"या कधीपासून बंद आहेत?"

"बंद नाही जी," मी म्हटलं. "उपास आहे ना तिले. रिकाम्या पोटी कशी द्याची? दसऱ्याले जेवली की सुरू."

उईके सिस्टर पलीकडे उभ्या होत्या. त्यांच्या हातात सलाईनची नळी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पंचफुलाकडे पाहिलं, आणि धावत औषधाच्या कपाटाकडे गेल्या. डॉक्टर जे इंजेक्शन सांगणार होते ते त्यांनी सांगण्याआधीच भरून आणलं होतं. दिवसभर देत राहिले. मला वाटलं, आता मिळालं औषध, आता उठेल. पण न्यूमोनिया झाला होता आणि अंगात लढायला काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी, नवमीला, ती गेली.

तर डॉक्टर बाकावर बसले होते आणि सिस्टर हात धूत होत्या. डॉक्टरांनी मला सगळं समजावून सांगितलं, माझा दोष नाही हेही सांगितलं. शरीरात एक रस असतो, तो आपलं शरीरच बनवतं. ही गोळी म्हणजे तोच रस बाहेरून. वर्षानुवर्षं बाहेरून मिळत राहिला की शरीर बनवायचं विसरतं. मग गोळी एकाएकी थांबली की आत काहीच नसतं. दाब पडतो, साखर पडते, साधा ताप आला तरी माणूस उभं राहू शकत नाही. ही एक गोळी अशी आहे, ते म्हणाले, की जी एक दिवसही चुकवायची नसते.

मग त्यांनी विचारलं, "रिकाम्या पोटी द्यायची नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

बेसिनचा नळ चालू होता. मी म्हटलं, "कोणी नाही. तिच्याच मनाचं."

तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी उईके सिस्टर एसटीनं आमच्या घरी आल्या. साध्या साडीत होत्या, मी आधी ओळखलं नाही. मी चहा ठेवला. त्यांनी कप हातात धरला आणि तसाच ठेवला.

"भाऊ, डॉक्टरांजवळ तुम्ही खोटं काहून बोलले?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काय चुकलं होतं?" मी म्हटलं. "रिकाम्या पोटी नाही घ्यायची, हे खरंच आहे ना?"

"खरं आहे."

"मग झालं."

"अर्धं खरं आहे," त्या म्हणाल्या. "पोटाला लागते ते खरं. पण चुकवायची नाही हे त्याच्याहून मोठं. ते मी कधी बोलली नाही. मला वाटलं, ते तर माहीतच असेल. तेवीस वर्षं मी प्रत्येकाला जेवण नाही तर गोळी नाही असंच शिकवत आली. मावशींनी जसंच्या तसं ऐकलं. एवढं ऐकणारं पेशंट मला दुसरं नाही भेटलं."

त्या रडल्या नाहीत. मीही नाही. आम्ही दोघं घटाच्या कोपऱ्याकडे पाहत बसलो. तिथली माती अजून झाडलेली नव्हती.

मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. आमच्या वॉर्डात ही गोळी घेणाऱ्या पुष्कळ बाया आहेत, त्या म्हणाल्या. बहुतेक सातऱ्यावरच्या. सगळ्या उपास करतात. मी आता सगळ्यांना उलटं सांगते आहे, की उपास असला तरी गोळी घ्या, दुधाबरोबर घ्या, पण घ्या. त्या हो म्हणतात आणि घरी जाऊन त्यांना करायचं ते करतात. मी सांगितलं तर त्यांना वाटतं, नर्स बोलतेच आहे. तुम्ही येऊन सांगा. नवरात्राच्या आधी एकदा येऊन बसा, मावशींचं काय झालं ते तुमच्या तोंडानं सांगा. तुमचं ऐकतील.

मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात आतून हेमा आली. सातवा लागत आला होता, भिंतीला धरून चालत होती. तिनं सिस्टरांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, सिस्टरांनी तिला धरलं.

"आईनं नववा दिवस गाठला, सिस्टर," हेमा म्हणाली. "नवस अर्धा नाही ठेवला तिनं. डॉक्टर म्हणाले होते ना, तिची फुफ्फुसं केव्हाचीच गेली होती. तरी तिनं देवीजवळून माह्यासाठी नऊ दिवस मागून घेतले. आता हे लेकरू कुठं जात नाही."

सिस्टर माझ्याकडे पाहत राहिल्या. हेमाला मी, आईला न्यूमोनिया झाला, एवढंच सांगितलं होतं. दोन मुलं गमावलेल्या पोटुशा पोरीला आणखी काय सांगणार होतो? सिस्टरांनी हेमाच्या पोटावर हात ठेवला, बाळ फिरतं का विचारलं, आणि त्या उठल्या. दारात मला हळूच म्हणाल्या, "आता नको. तिची सुटका होऊ द्या. मग या."

हेमाची सुटका झाली. मुलगी झाली. चांगली, धडधाकट. अंबिका नाव ठेवलं. सहाव्या दिवशीचा तो फोटो हेमानं मोठा करून तुमसरच्या घरात लावला. बाहेरचं कुणी आलं की आधी तो फोटो पाहतं आणि म्हणतं, किती तेज आहे चेहऱ्यावर. हेमा सांगते, ही आई, हिनं आपलं आयुष्य माझ्या पोरीला दिलं. अंबिकालाही ती तेच सांगते. हेमा आता दर नवरात्रात आईच्या जागी नऊ दिवस उपास धरते. तिची तब्येत चांगली आहे, तिला काही होत नाही.

मी तो फोटो पाहतो तेव्हा मला त्यात तेज दिसत नाही. मला दिसतं की गोळी थांबून सहा दिवस झाले आहेत. हे त्या घरात फक्त मलाच दिसतं.

वॉर्डात जाऊन बोलायला मला अडचण काही नाही. पण तिथल्या निम्म्या बाया आमच्याच भागातल्या, सातऱ्यावर पंचफुलाच्या शेजारी बसलेल्या. मी आज तिथे बोललो तर आठवड्याच्या आत ते तुमसरला पोचेल. मग हेमाला कळेल की देवीनं काही दिलं-घेतलं नाही, आई तिच्यासाठी धरलेल्या उपासानं गेली. ते ऐकून ती त्या पोरीकडे कसं पाहील, ते मला माहीत नाही.

सिस्टर रागावत नाहीत. दरवर्षी पितृपक्ष लागला की त्यांचा फोन येतो, आणि त्या तब्येत विचारतात, अंबिकाची शाळा विचारतात, आणि मग विचारतात की भाऊ, या वर्षी येता का. मी येतो म्हणतो. मागच्या वर्षी त्यांनी दसऱ्यानंतरही एकदा फोन केला. पवनीकडची एक बाई सप्तमीला आली होती म्हणाल्या. हीच गोळी. पट्टी भरलेली. मी विचारलं, वाचली का. त्या नाही म्हणाल्या. 

सिस्टर येत्या मार्चमध्ये रिटायर होतात. परवा त्यांचा फोन आला होता. घट बसायच्या आधीच्या सोमवारी वॉर्डात सगळ्या बायांना तपासणीला बोलावलं आहे, असं त्यांनी सांगितलं. मी येतो म्हणालो.

तो सोमवार काल होऊन गेला. मी गेलो नाही.